ऑइलचा काटा

कॅन्टीनमध्ये डाळ वाढली की आमचे साहेब आधी तिच्यात बोट बुडवत. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, डोळे किलकिले करत आणि निकाल देत, "वीस नंबर." म्हणजे डाळ पातळ. कधीमधी "चाळीस" म्हणाले की आमचे चेहरे खुलायचे, कारण त्या दिवशी डाळीत खरोखरच डाळ असायची. सुरुवातीला आचारी या प्रकारावर भडकला होता. अन्नात बोटं घालतात, हात तरी धुतले असतील का, वगैरे. पण माणूस कशालाही सरावतो. वर्षभरात तोच वाढताना पळी वर धरून विचारायला लागला, "साहेब, आज किती?"

रबाळ्याला आमचा ऑइलचा कारखाना होता. बाहेरून तेल यायचं, त्यात निरनिराळी रसायनं मिसळून आम्ही ते, जितकं दाट तितका मोठा नंबर घालून, इंजिनांसाठी डब्यांत भरायचो. साहेब तिथल्या लॅबचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा केमिस्ट. सत्तरचं दशक सरत आलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आणि धुराडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, मिठागरं आणि पलीकडे खाडी. नवी मुंबई तेव्हा पाट्यांवर जास्त आणि जमिनीवर कमी होती. मी साताऱ्याकडचा. घणसोली गावात एका आगरी आजींच्या घरात खोली घेऊन राहत होतो. साहेब वाशीला, नव्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत, आपल्या म्हाताऱ्या वडिलांबरोबर.

साहेबांनी कुणाला "कसा आहेस?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, "काटा कुठं आहे?" प्रश्न विचारून समोरच्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की धडधाकट माणसालाही आपल्याला काहीतरी झालंय असं वाटू लागे. मी एकदा तापानं फणफणलो होतो. तर हे संध्याकाळी घणसोलीला आले, दारातच बूट काढले, माझी नाडी धरून बसले आणि आजींना म्हणाले, "काटा पडलाय. पेज द्या याला, पातळ नको, तीस नंबरची." आणि गेले. आजी कितीतरी वेळ त्यांच्या पाठमोऱ्या फटफटीकडे बघत राहिल्या.

"तुजा सायेब येरा हाय का रं?" त्या म्हणाल्या; त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' व्हायचा. "नारी बगून सांगतं, काटा परलाय! तू काय घर्याल हायेस?"

पण पेज दिली. आणि तीही दाट.

हा काटा खराखुरा होता, हे मी आजींना नंतर समजावून सांगितलं. साहेबांकडे जुनी, काळी, दांडगी चार-स्ट्रोक मोटरसायकल होती. तिच्या हँडलवर, दोन मुठींच्या बरोबर मध्ये, त्यांनी ऑइलचा दाब दाखवणारा गेज बसवला होता. मोटरसायकलला असला गेज कुणी लावत नाही. हा त्यांनी करावे गावच्या एका कोळ्याकडून, मोडीत निघालेल्या मचव्याच्या इंजिनाचा मिळवला होता. चांगला बशीएवढा. इंजिनापासून तांब्याची बारीक नळी वर आणून त्याला जोडली होती. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस भिंतीवरचं घड्याळ गाडीला बांधून फिरतोय. सिग्नलला कुणी तरी हमखास वेळ विचारी आणि साहेब गेजकडे बघून शांतपणे सांगत, "तीस."

घरी जाताना त्यांचा एक सोहळा असे. किक मारायची, गाडी चालू झाली की खाली उतरायचं, ऑइलच्या टाकीचं झाकण उघडायचं आणि वाकून आत बघायचं. इंजिनात फिरून आलेलं तेल टाकीत परत पडताना दिसलं की तोंडातल्या तोंडात "आलं, आलं" म्हणायचं. मग झाकण लावायचं, काट्यावर नखानं टकटक करायची आणि मगच बसायचं. तोवर वॉचमन गेट उघडं धरून तिष्ठत उभा. मालकांची मोटार मागे खोळंबली असली तरी साहेबांचं "आलं" झाल्याशिवाय गेटमधून काही बाहेर पडत नसे.

त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच हे शास्त्र शिकवलं होतं. पिस्टनचा दांडा खाली जिथं क्रँकला मिठी मारतो, तिथं दोन तऱ्हा असतात. एक बुश आणि दुसरी रोलर. बुश समजावताना ते मला कॅन्टीनच्या ओट्यापाशी घेऊन गेले. ओल्या ओट्यावर गरम वाटी पालथी घातली आणि हात सोडला. वाटी आपली आपण सरकत चालली.

"कशावर चाललीय?"

"पाण्यावर."

"ओट्याला शिवलीय?"

"नाही."

"तसा बुश. लोखंडाला लोखंड शिवायचंच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर, आणि त्या थरावर सगळं तरंगतंय. थर टिकायला मागून सतत दाब पाहिजे. दाब पडला, थर फाटला, खेळ खलास." मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन आणि त्यांची पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, वर पुस्तक ठेवलं आणि पुस्तक ढकललं. "हा रोलर. हा घासतच नाही, गडगडतो. याला दाब नको. अंगाला तेल लागलं, बास."

माझ्याकडे तेव्हा दोन-स्ट्रोक गाडी होती. तिला ऑइलचा पंपच नव्हता. पेट्रोलात थोडं ऑइल मिसळायचं आणि त्याच्या धुक्यावर तिचे रोलर जगायचे. साहेब तिला "बकरी" म्हणत. वर म्हणत, "पाला खाते, कुठंही चढते. पण काही झालं तर तुला कळणार कसं? तिला काटाच नाही." ही त्यांची त्या गाडीबद्दलची कायमची तक्रार होती, आणि ती ऐकून ऐकून मीही रस्त्यानं जाताना उगाच कान देऊन ऐकायला लागलो होतो.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. मालक बुश, कारण त्यांना रोज कुणीतरी साहेब-साहेब म्हणून मागून दाब द्यावा लागे. वॉचमन रोलर. स्वतः बुश, हे ते कबूल करत. आणि त्यांचे वडील, ज्यांना ते आप्पा म्हणत, ते रोलर. आप्पांना मी पाहिलं होतं. साठी उलटलेले, काटक, जुन्या गिरणीतून निवृत्त झालेले. दिवसभर गॅलरीत बसायचे. घसा बसला तरी, ताप आला तरी, मागतील ते फक्त पाणी. साहेब मात्र दिवसातून चारदा त्यांच्या कपाळाला हात लावून बघायचे. आप्पा वैतागून मान झटकायचे.

का लावायचे, ते मला एकदा कळलं. साहेबांची बायको जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. पोटात दुखणं होतं, पण घरात तिनं ते कुणाला सांगितलंच नाही. स्वयंपाक केला, धुणी धुतली, एक दिवस चक्कर येऊन पडली आणि पंधरवड्यात संपली. "मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा प्यायचो," साहेब म्हणाले. "लॅबमध्ये तेलाचा थेंब बघून सांगतो, यात पाणी शिरलंय. आणि घरात..." गाडीवर गेज ती गेली त्याच वर्षी बसला. मी त्या दिवसापासून त्यांच्या काट्याची थट्टा करणं सोडलं. इतरांनी केली तर मला राग यायचा.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. त्या हिवाळ्यात साहेबांच्या गाडीतून ठोका यायला लागला. बुश झिजला होता. नवा बुश मुंबईत कुठं मिळेना. शेवटी रबाळ्यातल्याच एका टर्नरनं सुचवलं की बुश काढून टाकू आणि त्या जागी रोलर बसवू. साहेबांनी दोन आठवडे विचार केला, एखाद्या घरात मुलगी द्यावी की देऊ नये तसा. मग हो म्हणाले.

टर्नरनं काम नेटकं केलं. ठोका गेला. इंजिन लोण्यासारखं फिरायला लागलं. आणि काटा पडला. गाडी गरम झाली की तो तळाला जाऊन जो बसायचा, तो पाचाच्या वर यायचं नाव घेईना.

"साहेब, टेन्शन कशाला घेता?" टर्नर म्हणाला. "रोलर एकदम फस्क्लास बसलाय. बिंदास मारा. हा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त टिकणार."

असं का होतं, हे टर्नरला सांगता आलं नसतं, पण साहेबांना येत होतं. त्यांनी मलाच फळ्यावर काढून दाखवलं. बुशाची फट केसाएवढी, तेल तिथं अडतं, म्हणून मागं दाब साठतो आणि काटा चढतो. रोलरमध्ये वाट मोकळी, तेल सरळ निघून जातं, दाब साठणार कुठून? तेल तेवढंच येतंय, किंबहुना जास्तच. "दाब म्हणजे तेल नव्हे," असं त्यांनी खडूनं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मग खडू ठेवला, खाली गेले आणि गाडी चालू करून पडलेल्या काट्याकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी गाडी हातानं ढकलत कोपऱ्यावरच्या शेडमध्ये लावली आणि बसनं घरी गेले. पुढंही बसनंच जाऊ लागले.

आता यात आप्पा कुठं आले, ते सांगतो. साहेबांचं घराणं महाडजवळच्या एका खेड्यातलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आप्पा दहा-बारा वर्षांचे होते आणि बापाचा हात धरून गेले होते, एवढं साहेबांना माहीत होतं. त्यापलीकडे आप्पांनी कधी काही सांगितलं नव्हतं. दर वर्षी वीस मार्चला ते एकटेच एसटीनं महाडला जाऊन यायचे. साहेबांना कधी परीक्षा, कधी नोकरी. बरोबर जाणं जमलंच नव्हतं. गेली दोन वर्षं आप्पांना एसटीचा धूर चढायला लागला होता, पनवेलच्या आतच उलट्या व्हायच्या, आणि दोन्ही वर्षं ते अर्ध्या वाटेतून परतले होते. त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि साहेबांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. आप्पांना कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं.

"यंदा तुज्या फटफटीवर जाव," ते गॅलरीतून म्हणाले. मी तिथंच होतो. "तू आनि मी. तळ्यावर जायाचा हाय आपल्याला."

"आप्पा, गाडीचं काम निघालंय. पुढच्या वर्षी नक्की."

"पुडच्या वर्साचा कोनी बगितलाय?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांचं बोलणं मला त्यांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, गाडी ठणठणीत आहे, तुम्हीच फळ्यावर लिहिलंय. ते म्हणाले, "हो, लिहिलंय."

त्यानंतरचे काही दिवस त्यांनी शेडमध्ये काढले. वीस मार्चच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावलं आणि गाडी चालू केली. काटा ताठ तिसावर! जुने दिवस परत आल्यासारखा.

"कसा काय चढला?" मी विचारलं.

"बसला जागेवर," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी हसत होते, म्हणून मी खोदून विचारलं नाही. त्यांची एकच अट होती: मी बकरी घेऊन मागून यायचं आणि त्यांच्या गाडीतून धूर येतोय का ते बघत राहायचं.

उजाडताच निघालो. आप्पांनी पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि डोक्याला मफलर अशी तयारी केली होती. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून ते ताठ बसले होते. पनवेल गेलं, पेण गेलं. रस्त्यावर महाडकडे निघालेले ट्रक दिसत होते, निळे झेंडे लावलेले, माणसांनी भरलेले. आप्पा प्रत्येकाला हात करत होते. साहेबांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होतं, हे मागूनही कळत होतं. धूर अजिबात नव्हता. मी निर्धास्त होतो.

वडखळच्या अलीकडे गाडीनं किंकाळी फोडली आणि मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं झालं. साहेबांनी क्लच दाबला म्हणून निभावलं. गाडी फरपटत जाऊन रस्त्याच्या कडेला थांबली. आप्पा पडले नाहीत. हळूच उतरले, धोतर सारखं केलं आणि बाजूला उभे राहिले. इंजिनाच्या पोटाजवळ हात नेला तर चटका बसत होता. किक जागची हलेना. रोलर जळून गेला होता.

"काटा?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत तिसावर होता."

मग ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि त्यांनी सांगितलं. पडलेला काटा बघवेना, म्हणून त्यांनी इंजिनात जाणाऱ्या तेलाच्या वाटेत पितळेचं एक बूच बसवलं होतं, सुईएवढं भोक पाडलेलं. गेजच्या पुढं. वाट अडली, मागं दाब साठला, काटा चढला. पंप जुना, त्यामुळे अडलेलं तेल मागच्या मागं गळत राहिलं. गेजला भरपूर मिळत होतं आणि रोलरच्या अंगाला थेंब थेंब.

"अहो, पण तुम्हीच तर मला..."

"ठाऊक होतं रे. सगळं ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण तो तसा पडलेला समोर दिसत असताना आप्पांना मागं बसवायचं... नाही धजलं मन."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. पंचेचाळिशीचा माणूस बापाला एवढं जपायला गेला आणि त्यातच बापाची शेवटची वारी रस्त्यावर आणून बसला, याचं मला फार वाईट वाटलं. मी माझी गाडी पुढं घेतली. म्हटलं, "आप्पा, चला. बसा माझ्यामागं. दुपारपर्यंत तळ्यावर नेतो तुम्हाला. साहेब इथं गाडीपाशी थांबतील."

आप्पांनी मान हलवली. "तू चांगला पोरगा हायेस. पन मला तुज्यासंगती न्हाय जायाचा."

"अहो, आज नाही गेलात तर..."

"ह्याला न्ह्यायाचा हाय मला," आप्पा म्हणाले. "मी शंबर येळा जाऊन आलोय. ह्योच न्हाय आला कदी."

इतके दिवस आम्ही समजत होतो की मुलगा बापाला घेऊन चाललाय. मी किल्ली साहेबांपुढं धरली.

त्यांनी माझ्या गाडीच्या हँडलकडे पाहिलं. तिथं एक स्पीडोमीटर होता, तोही बंद पडलेला.

"हिला काहीच नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही."

"मग वाटेत काही झालं तर..."

आप्पा तोवर मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते. "चल रं," ते म्हणाले. "ऊन व्हतंय."

साहेबांनी किक मारली. पहिल्या वळणापर्यंत ते खाली, इंजिनाकडे बघत चालवत होते. वळणानंतर मला ते दिसले नाहीत.

मी साहेबांची गाडी ढकलत वडखळला नेली आणि दिवसभर तिथंच बसून होतो. पोह्याचे पापड विकणाऱ्या एका बाईंच्या मांडवात जागा मिळाली. चहा प्यालो, काकड्या खाल्ल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला "गाडीला काय झालं" ते सांगितलं. प्रत्येकाला निराळं सांगितलं, कारण खरं सांगायची लाज वाटत होती, आणि ती लाज माझी नव्हती तरी. दुपारी महाडहून परतणारे ट्रक दिसायला लागले. मी वेड्यासारखा त्यांच्या मागं मागं बघायचो. साहेब दर मैलाला थांबून गाडीच्या अंगाला हात लावत बसले असतील, पोचलेच नसतील, किंवा वाटेत आप्पांनाच काही झालं असेल.

उन्हं उतरताना बकरीचा आवाज आला. आवाज मी ओळखला, माणसं ओळखायला जरा वेळ लागला. साहेब धुळीनं पांढरे झाले होते. आप्पांचा मफलर त्यांनी दोघांच्या कमरेभोवती गाठ मारून बांधला होता आणि आप्पा त्यांच्या पाठीवर डोकं टेकून झोपले होते.

मी धावत जाऊन गाठ सोडली. आप्पांना उतरवून बाईंच्या बाकावर बसवलं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि पापड मागितला.

साहेब गाडीवरच बसून राहिले. मी विचारलं, "मिळालं का जायला? गर्दी असेल."

"होती. पोरांनी वाट करून दिली. आप्पा पायऱ्या उतरले, मी दंड धरला होता." ते थांबले. "मला वाटलं पाणी पितील. त्यांनी ओंजळ भरली आणि माझ्या तोंडापुढं धरली. म्हणाले, 'सत्याग्रहाच्या दिवशी माझ्या बापानं आधी मला पाजलं होतं.' एवढ्या लोकांसमोर, मी एवढा थोरला घोडा. निम्मं माझ्या शर्टावर सांडलं."

"मग?"

"उरलेलं प्यालो. म्हटलं, आप्पा, आता तुम्ही. तर ओला हात माझ्या डोक्याला पुसला आणि म्हणाले, माजा झाला आता."